सरकारी खात्यांचं लॉगिन बदललंय: आधी नंबर तपासा, मग पोर्टल उघडा

पासवर्ड विसरला म्हणून खातं उघडत नाही, ही तक्रार आता मागे पडली आहे. आता लोक अडतात ते दोन ठिकाणी: ओटीपी येत नाही, किंवा कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला तरी ‘जुळत नाही’ असं उत्तर येतं. पीएफ असो, पीएम किसान असो, महाडीबीटी या राज्याच्या योजनांच्या पोर्टलवरचं ठिबकचं अनुदान असो की हयातीचा दाखला, सगळीकडे ओळख पटवण्याचं काम हळूहळू आधारच्या नोंदीकडे गेलं आहे. पासवर्ड काही ठिकाणी अजून मागतात, पण पैशांच्या कामासाठी तेवढ्यावर भागत नाही.

म्हणून पोर्टलशी झटापट करण्याआधी आधारची बाजू नीट करून घ्या. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात. दहा वेळा लॉगिन करून पाहतात, खातं तात्पुरतं लॉक होतं, आणि मग कळतं की आधारला जोडलेलं सिम पाच वर्षांपूर्वीच बंद झालंय.

तुमचे नंबर किती आणि कुठे कुठे

सरकारी व्यवहारात तुमचा मोबाइल नंबर एका नव्हे, निदान चार ठिकाणी नोंदलेला असतो: आधारमध्ये, त्या त्या पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये, बँकेत आणि डिजिलॉकरमध्ये. या नोंदी एकमेकींशी आपोआप जुळत नाहीत. बँकेत नंबर बदलला म्हणून आधारमध्ये बदलत नाही, आणि आधारमध्ये बदलला म्हणून पीएफच्या खात्यात बदलत नाही. ओटीपी ‘आला नाही’ असं वाटतं तेव्हा पुष्कळदा तो आलेला असतो, फक्त दुसऱ्या नंबरावर. पोर्टल ओटीपी पाठवताना नंबराचे शेवटचे दोन-चार आकडे पडद्यावर दाखवतं. ती ओळ वाचायची सवय लावा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

नागपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत आणखी एक भानगड हमखास सापडते. खातं उघडताना अर्जदाराकडे मोबाइल नव्हता किंवा ईमेल नव्हता, म्हणून सेतू किंवा सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकून दिला. तेव्हा काम झालं. आता प्रत्येक लॉगिनला ओटीपी लागतो आणि तो त्या दुकानदाराच्या फोनवर जातो. दुकान हललं, नंबर बदलला, की खातं तुमचं असूनही तुमच्या हातात नाही. अशी खाती असतील तर नव्या अर्जाच्या घाईत न पडता आधी प्रोफाइलमधला नंबर बदलून घ्या.

आधारला कुठला नंबर आहे हे पाहायला केंद्रावर जायची गरज नाही. युआयडीएआय, म्हणजे आधार चालवणारी संस्था, हिच्या संकेतस्थळावर आधार वैध आहे की नाही तपासण्याची सोय आहे. आधार क्रमांक आणि कॅप्चा टाकला की वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. मोबाइलची जागा रिकामी असेल तर नंबर जोडलेलाच नाही. घरात तीन सिम असतील आणि शेवटच्या तीन आकड्यांवरून खात्री होत नसेल, तर त्याच संकेतस्थळावर मोबाइल-ईमेल पडताळणीचा पर्याय आहे. तिथे आधार आणि पूर्ण नंबर टाकला की तो नोंदीशी जुळतो का ते कळतं.

जोडलेलं सिम घरात आहे, पण रिचार्ज संपून बरेच दिवस झालेत, असंही होतं. अशा वेळी बाहेर जाणारे फोन बंद होतातच, शिवाय येणारे मेसेजही थांबतात. छोटा रिचार्ज मारा आणि मग ओटीपी मागवा. सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. म्हणजे तुमच्या आधारचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाकडे. आई-वडिलांचं जुनं सिम कपाटात पडलं असेल तर या कारणासाठी तरी ते जिवंत ठेवा, नाहीतर नंबर बदलून घ्या.

नंबर बदलायला केंद्रावर जाताना

खात्रीचा मार्ग आधार केंद्राचा. केंद्रं टपाल कार्यालयांत, काही बँक शाखांत आणि शासकीय कार्यालयांत आहेत. जवळचं कुठलं ते युआयडीएआयच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून शोधता येतं. नंबर बदलायला कुठलाही कागद लागत नाही. आधार क्रमांक आणि तुम्ही स्वतः, एवढंच पुरे. बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची तपासणी होते म्हणून माणूस प्रत्यक्ष हवा, दुसऱ्याला पाठवून होत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून नंबर, पत्ता, नाव अशा दुरुस्तीचं शुल्क ७५ रुपये आणि फोटो, ठसे, डोळे नव्याने घेण्याचं १२५ रुपये आहे. दोन्ही एकाच वेळी केलं तर १२५ मध्येच होतं. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधारवरचा फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल आणि पुढे चेहरा दाखवून लॉगिन करायचं असेल, तर ५० रुपये जास्त देऊन त्याच फेरीत फोटोही नवा करून घ्या. कामगारांच्या, शेतकऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यांनी तर हे कराच.

ऑपरेटरने टाइप केलेला नंबर पावती छापण्याआधी पडद्यावर वाचून घ्या. एक आकडा चुकला तर पुन्हा ७५ रुपये आणि पुन्हा रांग. पावतीवरचा नोंदणी क्रमांक जपून ठेवा, त्यावरून स्थिती पाहता येते. बदल व्हायला ३० दिवसांपर्यंत वेळ धरतात. बरेचदा त्याआधी होतो, पण योजनेची मुदत चार दिवसांवर आल्यावर केंद्राकडे धावू नका.

पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी एक वेगळी गोष्ट. वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षांनंतर बायोमेट्रिक नव्याने देणं सक्तीचं आहे. बऱ्याच घरांत हे राहून जातं. अकरावी-बारावीत शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची वेळ येते आणि आधारमध्ये फोटो असतो सात वर्षांच्या मुलाचा. साहजिकच चेहरा जुळत नाही. १५ ते १७ या वयात हे काम मोफत होतं. दहावीची परीक्षा संपली की सुट्टीत उरकून टाका, जून-जुलैत केंद्रांवर गर्दी असते.

चेहरा दाखवून लॉगिन

अँड्रॉइड फोनवर यासाठी ‘आधार फेस आरडी’ नावाचं युआयडीएआयचं अ‍ॅप आधी टाकावं लागतं. ते टाकल्यावर फोनवर त्याचं चिन्ह दिसत नाही, आणि ‘उघडा’ असं बटणही बहुधा सापडत नाही. लोक समजतात इन्स्टॉल झालंच नाही आणि पुन्हा पुन्हा टाकत बसतात. ते मागे राहून काम करतं. उमंग (सरकारी सेवांचं एकत्र अ‍ॅप), जीवन प्रमाण (हयातीच्या दाखल्याचं अ‍ॅप) किंवा पीएम किसानचं अ‍ॅप गरज पडली की त्याला स्वतः बोलावतं.

चेहरा टिपताना काय चुकतं ते जवळजवळ ठरलेलं आहे. पाठीमागे खिडकी किंवा ट्यूबलाइट असते, त्यामुळे चेहरा काळा पडतो. उजेड समोरून हवा. नागपूरच्या दुपारच्या उन्हात अंगणात उभं राहूनही जमत नाही, कारण डोळे बारीक होतात आणि कपाळावरचा घाम चमकतो. घरात, साध्या भिंतीकडे पाठ करून, दाराच्या दिशेने तोंड करून बसा. चष्मा, टोपी, गमछा, डोक्यावरचा पदर बाजूला करा. पुढच्या कॅमेऱ्याची काच पुसा. गोलात चेहरा पूर्ण आला की फोन स्थिर धरा आणि सूचना आल्यावर सावकाश डोळे मिटून उघडा. डोळ्यांची ही उघडझाप म्हणजे कॅमेऱ्यासमोर नुसता फोटो धरलेला नाही याची खूण. घाईघाईत पापण्या फडफडवल्या तर यंत्रणेला ती कळत नाही.

एवढं करूनही नापास होत असेल तर चार गोष्टी तपासा. अ‍ॅपची नवी आवृत्ती आली असेल तर जुनी चालत नाही. फोनची तारीख-वेळ आपोआपवर नसेल तर जोडणी तुटते. फोन रूट केलेला, म्हणजे त्याची मूळ सुरक्षा काढून टाकलेली असेल तर आधारचं अ‍ॅप चालतच नाही. सीताबर्डीच्या एखाद्या दुकानातून जुना फोन घेतला असेल आणि त्यात कुणी काही केलं असेल, तर दुसऱ्या फोनवर करून पाहा. फोन तुमचाच असायला हवा असं नाही, चेहरा तुमचा हवा. चौथी गोष्ट बहुतेकांना सुचतच नाही: कधीतरी सुरक्षेसाठी तुम्ही आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असतं. लॉक असताना ठसे, डोळे आणि चेहरा तिन्ही बंद असतात. युआयडीएआयच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या आधार अ‍ॅपमध्ये ते तात्पुरतं उघडता येतं, आणि ती सूट १० मिनिटांची असते. म्हणून सगळी तयारी करून मगच उघडा.

पीएफ: बुटीबोरी-हिंगण्याच्या कामगारांसाठी

१ ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक, उमंग अ‍ॅपवर चेहरा पडताळूनच मिळतो. आधी मालक कागदपत्रांवरून काढून देत असे. त्यामुळे पहिली नोकरी लागलेल्या मुलामुलींनी रुजू होण्याआधीच हे करून ठेवलेलं बरं. उमंगमध्ये ईपीएफओच्या (पीएफ चालवणाऱ्या संस्थेच्या) विभागात यूएएनच्या सेवा आहेत, आणि तिथे तीन वेगळे पर्याय दिसतात: नवा यूएएन घेऊन सक्रिय करणं, आधीच मिळालेला यूएएन सक्रिय करणं, आणि सक्रिय असलेल्या यूएएनचं चेहऱ्याने प्रमाणीकरण. ज्याला आधीच्या कंपनीत यूएएन मिळालाय त्याने पहिला पर्याय घेऊ नये. दोन यूएएन झाले की पुढे खाती एकत्र करण्यात महिने जातात.

यूएएन १२ आकडी आणि आधारही १२ आकडी. चौकटी बदलून टाकणं ही रोजची चूक आहे. ई-श्रमचा, म्हणजे असंघटित कामगारांच्या नोंदणीचा क्रमांकही १२ आकडी असतो आणि त्यालाही यूएएनच म्हणतात! बांधकामावरच्या किंवा कंत्राटी कामगाराकडे दोन्ही असतील तर कागदावर वेगवेगळे लिहून ठेवा.

खात्याला कुठला मोबाइल आहे हे पाहायची सोपी युक्ती: ज्या नंबरावर शंका आहे त्यावरून ९९६६०४४४२५ ला मिस कॉल द्या. दोन रिंगनंतर फोन आपोआप कटतो, आणि तो नंबर सक्रिय यूएएनला जोडलेला असेल व केवायसी झालेलं असेल तर शिलकीचा मेसेज येतो. मेसेज आला नाही तर नंबर वेगळा आहे किंवा केवायसी अपुरं आहे. यासाठी इंटरनेटही लागत नाही.

पासवर्ड गेला असेल तर सदस्य पोर्टलवर ‘पासवर्ड विसरलात’ हा पर्याय घ्या:

१. यूएएन आणि कॅप्चा टाका.
२. नाव, जन्मतारीख, लिंग भरा. नाव पीएफच्या नोंदीत आहे तसंच, अक्षरन् अक्षर. आधारवर ‘रामभाऊ’ आणि पीएफमध्ये नुसतं ‘राम’ असेल तर इथे पीएफवालं लागतं.
३. आधार क्रमांक टाकून संमतीच्या चौकटीत खूण करा.
४. मोबाइलवर आलेला ओटीपी टाका आणि नवा पासवर्ड ठरवा. मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि चिन्ह हे चारही हवेत.

दुसऱ्या पायरीवर अडलात तर ती लॉगिनची अडचण नाही, नोंदीतल्या फरकाची आहे. आधार पडताळलेल्या ज्या सदस्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आहे, त्यांना जानेवारी २०२५ पासून नाव, जन्मतारीख, लिंग यांसारख्या दुरुस्त्या मालकाच्या मंजुरीशिवाय ऑनलाइन करता येतात. त्याआधीचा यूएएन असेल तर कंपनीकडून जावं लागतं, आणि कंपनी बंद पडली असेल तर पीएफ कार्यालयात.

शिल्लक पाहण्यासाठी पूर्वी पासबुकच्या वेगळ्या संकेतस्थळावर दुसऱ्यांदा लॉगिन करावं लागे. सप्टेंबर २०२५ पासून सदस्य पोर्टलवरच ‘पासबुक लाइट’ दिसतं. गोषवारा तिथे मिळतो, महिनावार तपशील हवा असेल तर मात्र जुनंच पासबुक उघडा.

शेतकऱ्यांचं: फार्मर आयडी आधी, बाकी नंतर

महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे अ‍ॅग्रिस्टॅकचा फार्मर आयडी, सक्तीचा झाला. त्यामुळे महाडीबीटीच्या शेतकरी विभागातलं लॉगिनही त्यावर गेलं. जुनं युजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवलेला असेल तर तो आता उपयोगाचा नाही. फार्मर आयडी ११ आकडी असतो. तो टाकायचा आणि मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा.

आयडी आठवत नसेल तर अ‍ॅग्रिस्टॅकच्या महाराष्ट्राच्या पोर्टलवर नोंदणीची स्थिती आधार क्रमांक टाकून पाहता येते, मंजूर झालेला असेल तर क्रमांक तिथेच दिसतो. ‘प्रलंबित’ असं असेल तर महाडीबीटीवर कितीही प्रयत्न केले तरी आत जाता येणार नाही. कारण बहुतेकदा सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांतला फरक असतो, नाहीतर सामाईक खात्यातला एखादा गट जोडायचा राहिलेला असतो. हा विषय तलाठ्याकडे सुटतो, कृषी सहायकाकडे नाही. काटोल, नरखेड, कळमेश्वर भागात एकाच बागेचे चार वारस सातबाऱ्यावर असणं नवीन नाही. प्रत्येकाचा आयडी वेगळा लागतो, भावाच्या आयडीवर तुमचा अर्ज होत नाही.

लॉगिन झालं की लगेच अर्जावर उडी मारू नका. जुन्या प्रोफाइलमधली जातीचा दाखला, अपंगत्व, बँक अशी माहिती नव्या लॉगिननंतर अपुरी दिसू शकते. प्रोफाइल १०० टक्के भरल्याशिवाय घटक, म्हणजे ज्यावर अनुदान हवं ती बाब, निवडता येत नाही. निवड आता ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ अशी असल्यामुळे अपुऱ्या प्रोफाइलमध्ये घालवलेले आठ दिवस महागात पडतात.

पीएम किसानचं ई-केवायसी तीन प्रकारे होतं: संकेतस्थळावर आधारच्या ओटीपीने, सीएससी केंद्रात ठशाने, किंवा पीएम किसान अ‍ॅपमध्ये चेहऱ्याने. ज्याच्या आधारला मोबाइलच नाही त्याला तिसरा प्रकार सोयीचा. गावातला एक शेतकरी आपल्या फोनवरून इतर १०० जणांपर्यंत हे करून देऊ शकतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना गावाहून तालुक्याच्या कचेरीत ओढत नेण्याची गरज नाही. हप्त्याची स्थिती पाहायला नोंदणी क्रमांक लागतो, आणि तो मोबाइल किंवा आधारवरून त्याच पानावर शोधता येतो. तिथला नोंदलेला मोबाइल चुकीचा असेल तर बदलायचा पर्यायही आहे, त्यासाठी आधारचा ओटीपी चालतो. हेल्पलाइन १५५२६१.

हयातीचा दाखला

‘जीवन प्रमाण’ अ‍ॅपमध्ये दोन पायऱ्या आहेत आणि घोळ पहिलीतच होतो. आधी ऑपरेटरची नोंद होते. ऑपरेटर म्हणजे फोन ज्याच्या हातात आहे तो, मग तो मुलगा असो, सून असो की शेजारी. त्याचा आधार, त्याचा मोबाइल, त्याचा ओटीपी आणि त्याचाच चेहरा. हे एकदाच करावं लागतं. मग पेन्शनरची माहिती: आधार, मोबाइल, ओटीपी, नाव, पेन्शनचा प्रकार, मंजुरी देणारी संस्था, पेन्शन वाटणारी संस्था, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक, बँक खातं. शेवटी पेन्शनरचा चेहरा. सुरुवातीलाच आजोबांचा चेहरा समोर धरला तर तेच ऑपरेटर म्हणून नोंदले जातात. त्यात बिघडत काही नाही, फक्त पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तोच फोन वापरताना गोंधळ होतो.

मंजुरी देणारी संस्था चुकीची निवडली की दाखला तयार होतो, प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा क्रमांकही मिळतो, आणि पेन्शन तरीही थांबते, कारण दाखला भलत्याच कार्यालयात गेलेला असतो. पीएफची, म्हणजे ईपीएस ९५ ची पेन्शन असेल तर ईपीएफओ निवडायचं. राज्य सरकारची असेल तर राज्य शासन आणि नागपूर कोषागार, केंद्राची असेल तर संबंधित खातं आणि बँक. दोन पेन्शन असतील, स्वतःची आणि कुटुंब निवृत्तिवेतन, तर दोन पीपीओंसाठी दोन वेगळे दाखले. पीपीओ क्रमांक पासबुकवर नसेल तर मूळ आदेश शोधून ठेवा.

केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबरचा महिना असतो, ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएस ९५ च्या पेन्शनरांना महिन्याचं बंधन नाही. दिल्या तारखेपासून १२ महिने चालतो. त्यांनी नोव्हेंबरच्या गर्दीत न सापडता दुसरा महिना धरावा हे उत्तम. दाखला केल्यावर प्रमाण आयडीचा मेसेज आला म्हणजे काम संपलं असं नाही. तो स्वीकारला की नाकारला हे नंतर कळतं. पंधरा दिवसांनी संकेतस्थळावर स्थिती पाहा.

शिष्यवृत्ती आणि लाडकी बहीण, थोडक्यात

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर २०२४-२५ पासून एकदाच करायची नोंदणी आली. तिचा १४ आकडी ओटीआर क्रमांक पूर्ण शिक्षणभर चालतो. ओटीपी झाल्यावर आधी संदर्भ क्रमांक मिळतो, तो ओटीआर नव्हे. चेहऱ्याची पायरी झाल्यावर खरा क्रमांक येतो. राज्याच्या महाडीबीटी शिष्यवृत्तीत मात्र पासवर्ड अडकला म्हणून दुसरा आयडी काढू नका. मागच्या वर्षीचा अर्ज जुन्या आयडीवर असतो आणि नव्यावर नूतनीकरण दिसत नाही. अडलंच तर आधी महाविद्यालयातला शिष्यवृत्तीचा लिपिक, मग समाजकल्याणच्या योजनांसाठी दीक्षाभूमीजवळचं सामाजिक न्याय भवन, आदिवासी विकासच्या योजनांसाठी गिरीपेठेतलं आदिवासी विकास भवन.

लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. त्यात लाभार्थी बाईच्या आधारचा ओटीपी झाल्यावर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागतो. नवरा पुण्याला कामाला आणि फोन त्याच्याकडे, अशा घरांत तो फोनवर असतानाच फॉर्म भरायला बसा, ओटीपीची मुदत १० मिनिटांचीच असते. घोषणापत्रातले प्रश्न सावकाश वाचा. ‘कुटुंबातील कोणीही सरकारी नोकरीत नाही’ अशा नकारार्थी वाक्यापुढे ‘होय’ म्हणजे काय होतं, याचा विचार करून खूण करा.

ओटीपी मागताना

पुन्हा पुन्हा ‘ओटीपी पाठवा’ दाबू नका. तीन मागवले तर तीन येतात, मागेपुढे येतात, आणि चालतो फक्त शेवटचा. एकदा दाबा, दोन मिनिटं थांबा. साध्या बटणांच्या फोनवर मेसेजचा डबा भरलेला असेल तर नवा मेसेज आत येत नाही, जुने पुसा. सारख्या चुका झाल्या तर काही काळ ओटीपी बंद होतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळी करा, तेव्हा सर्व्हरही मोकळा असतो.

लॉगिन नीट झालं, अर्ज मंजूर दिसतो, पण पैसे येत नाहीत, ही वेगळी गोष्ट आहे. थेट लाभाचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातात. युआयडीएआयच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहा, बऱ्याचदा पैसे विसरलेल्या दुसऱ्या खात्यात पडून असतात.

केंद्रावर बसलात तर, आणि फसवणूक

मोबाइलच्या जागी स्वतःचाच नंबर टाकायला सांगा. ईमेल नसेल तर जागा रिकामी ठेवा, दुकानाचा ईमेल नको. पासवर्ड दुकानाच्या वहीत लिहू देऊ नका. उठण्याआधी लॉगआउट झालेलं स्वतः पाहा.

खरं संकेतस्थळ ओळखायला पत्त्याचा शेवट पाहा: जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन. शेवट म्हणजे पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग. ‘जीओव्ही डॉट इन’ मध्येच आलं आणि पुढे आणखी काही डॉट कॉम असेल तर ते बनावट. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’, ‘लाडकी बहीण यादी’ अशा नावाने येणारी एपीके फाइल (म्हणजे बाहेरून टाकायचं अ‍ॅप) उघडू नका, ती फोनमधले मेसेज वाचते आणि ओटीपी परस्पर पळवते. ‘खातं बंद होणार आहे, ओटीपी सांगा’ असा फोन कुठलंही सरकारी कार्यालय करत नाही. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा, पहिल्या तासाभरात सांगितलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. कुणी तुमचा आधार वापरलाय अशी शंका असेल तर युआयडीएआयच्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांचा वापराचा इतिहास दिसतो: तारीख, वेळ, ओटीपी की चेहरा की ठसा.

तरीही अडलं तर

आधारच्या तक्रारीला १९४७, पीएफच्या तक्रारीला १४४७०. ऑनलाइन तक्रार टाकताना चुकीच्या संदेशाचा स्क्रीनशॉट आणि त्यातला त्रुटीचा आकडा जोडा. ‘लॉगिन होत नाही’ एवढंच लिहिलं तर ‘पासवर्ड बदला’ असं ठरावीक उत्तर येतं. पीएफचं नागपूरचं कार्यालय रघुजीनगरात, रिज रोडवर तुकडोजी पुतळा चौकाजवळ आहे. शिवाय ‘निधी आपके निकट’ ही बैठक दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत भरते, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे अधिकारी समोरासमोर भेटतात. जाताना मूळ आधार, पॅन, बँकेचं पासबुक, यूएएन लिहिलेली पगाराची पावती आणि आधारला जोडलेलं सिम असलेला फोन चार्ज करून न्या. फोन घरी राहिला तर ओटीपीअभावी तिथेही काम पुढे सरकत नाही.